अम्मीचा गावठी गुलाब



पावसाळा सरला की परतवाड्यात रोपे विकणाऱ्यांच्या हातगाड्या गल्लीत फिरू लागतात. लाल, पिवळे, दुरंगी गुलाब पाहून मन हरखते. आम्हीही ते आणतो. पण आमच्या अंगणातला लाडका गुलाब एकच, मरहूम अम्मीने लावलेला गावठी गुलाब. कमरेएवढे काटेरी झुडूप आणि साधेच गुलाबी फूल. पण वास ओसरीपर्यंत येतो.

गुलाबाचे अत्तर नूरजहाँने शोधले, असे आपण ऐकत आलो. खुद्द जहांगीर बादशाहने मात्र 'तुजुक-ए-जहांगीरी'त त्याचे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला, दिले आहे. आमच्या घरीही गुलाब आईकडूनच आला.

आणि तो आम्ही एकदा घालवलाही. अम्मीच्या इंतिकालानंतरच्या उन्हाळ्यात झुडूप फार पसरले म्हणून आम्ही ते भर मे महिन्यात छाटले. पारा 45 अंशांच्या आसपास. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडू लागल्या. घाबरून दोन्ही वेळा पाणी ओतले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळेच कुजली. जूनमध्ये झुडूप उपटावे लागले, तेव्हा घरात कोणी जेवले नाही.

मग आठवले, अम्मीने याच झाडाची फांदी अचलपूरच्या खालाजानला दिली होती. आम्ही गेलो. खालाजान म्हणाल्या, "तुमच्या अम्मीचंच आहे ते. लागतील तेवढ्या फांद्या न्या."

त्यानंतर जे शिकलो ते सांगतो. छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात करावी. त्याच फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्याव्यात. खालचा काप तिरका द्यावा, पाने काढावीत आणि निम्मी काडी रेती मिसळलेल्या मातीत खोचून सावलीत ठेवावी. माती ओलसर असावी, चिखल नको. दहा काड्या लावल्या तर चार-पाच जगल्या तरी अल्हम्दुलिल्लाह म्हणावे. नवी पाने आली म्हणून लगेच उपटून पाहू नये. मुळे धरायला वेळ लागतो.

जमिनीत लावताना काळ्या मातीत रेती आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा थोडा उंच करावा. उन्हाळ्यात बुडाशी वाळलेला पाला पसरावा, दुपारच्या उन्हाला आडोसा करावा आणि पाणी सकाळीच द्यावे. काळी पडलेली फांदी हिरवा भाग लागेपर्यंत कापून टाकावी.

विकतच्या कलमी गुलाबाचे खुंट बहुधा दुसऱ्याच जातीचे असते. सांध्याखालून फूट आली तर ती काढावी लागते, नाहीतर वरचे कलम दबते. काडीवर वाढलेल्या गावठी गुलाबाला ही भीती नाही. तो बुडापासून फुटला तरी तोच असतो.

गुलकंदासाठी औषध न फवारलेल्याच पाकळ्या घ्याव्यात. पाकळ्या आणि खडीसाखर समभाग, काचेच्या बरणीत थरावर थर, आणि तीनेक आठवडे ऊन.

हदीसमध्ये आले आहे की मुसलमानाने लावलेल्या रोपाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने काही खाल्ले तर ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते. अम्मीच्या झाडाचा गुलकंद आज चार घरांत आहे. तिने ती एक फांदी दिली नसती, तर आमच्याही घरात नसता.

या ऑक्टोबरात छाटलेल्या फांद्या फेकू नका. दोन काड्या शेजारणीला द्या.