विश्लेषण : गतविजेत्यालाच प्रवेश नाही! अमेरिकेतील ‘एसीसी’ बास्केटबॉल स्पर्धेचे गणित का बदलले?

मार्च २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने वॉशिंग्टन येथे सलग पाच दिवसांत पाच सामने जिंकून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स अर्थात ‘एसीसी’ची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. वर्षभराने हीच स्पर्धा शार्लट शहरात सुरू झाली तेव्हा गतविजेते घरी बसून होते. बंदी नव्हती, दंड नव्हता. १८ संघांच्या या लीगमध्ये स्पर्धेसाठी पहिल्या १५ संघांनाच बोलावले गेले आणि तळाच्या तिघांत बोस्टन कॉलेज, मायामी यांच्यासह नॉर्थ कॅरोलायना स्टेटही होते. सात दशके ज्या स्पर्धेचे दार लीगमधील जवळपास प्रत्येक संघाला उघडे होते, तिथे ही वेळ का आली?

कॉन्फरन्स स्पर्धा म्हणजे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. हिवाळाभर गटातील संघ एकमेकांशी खेळतात. मार्चमध्ये त्यांची बाद पद्धतीची छोटी स्पर्धा होते. तिचा विजेता ‘एनसीएए’च्या ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट पोहोचतो. २०२५ मध्ये अशा थेट प्रवेशाच्या ३१ जागा होत्या. उरलेल्या ३७ जागा निवड समितीने भरल्या. म्हणजे हंगाम वाया गेलेल्या संघालाही मार्चच्या त्या एका आठवड्यात सगळे परत मिळवता येते. अर्थात, आधी त्या आठवड्यात शिरता आले पाहिजे.

एसीसीने ही प्रथा कुठून घेतली?

मे १९५३ मध्ये क्लेमसन, ड्यूक, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, साऊथ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट ही सात विद्यापीठे सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडली. भांडण बास्केटबॉलचे नव्हतेच. फुटबॉलच्या हंगामोत्तर ‘बोल’ सामन्यांवर सदर्न कॉन्फरन्सने घातलेली बंदी त्यांना नको होती. डिसेंबरमध्ये व्हर्जिनिया आठवे सदस्य झाले. जुन्या घरातून एक गोष्ट मात्र त्यांनी सोबत आणली, ती म्हणजे हंगामअखेरची स्पर्धा.

नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस हे या स्पर्धेचे मोठे पुरस्कर्ते. पहिली स्पर्धा मार्च १९५४ मध्ये त्यांच्याच रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये, रॉली येथे झाली. त्यांच्याच संघाने अंतिम सामन्यात वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असे हरवले. यजमान संघाच्या मैदानावर अजिंक्यपद ठरवण्याचा हा प्रकार १९६६ पर्यंत चालला. पुढच्या वर्षी स्पर्धा ग्रीन्सबरोला गेली आणि त्या शहराने ती आपली मानली. कॅरोलायनातील शाळांमध्ये स्पर्धेच्या शुक्रवारी वर्गात टीव्ही आणून सामने दाखवले जात.

या सोहळ्यात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला मात्र एक तपाहून अधिक काळ लागला. मेरीलँडचे बिली जोन्स १९६५ मध्ये लीगचे पहिले कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरले. चारच वर्षांनी, १९६९ च्या अंतिम सामन्यात, नॉर्थ कॅरोलायनाच्या चार्ली स्कॉट यांनी ड्यूकविरुद्ध ४० गुण करून सामना फिरवला.

‘एका दिवसाची परीक्षा’ हा वाद काय होता?

त्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्समधून एकच संघ जाई आणि एसीसीने ती जागा स्पर्धेच्या विजेत्याला दिली. १९६१ पासून तर लीगचा अधिकृत विजेता हाच, असे नियमातच लिहिले गेले. परिणामी तीन महिन्यांची मेहनत एका वाईट संध्याकाळी वाया जाऊ शकत होती. १९७० मध्ये साऊथ कॅरोलायनाने लीगमधले सर्व १४ सामने जिंकले आणि अंतिम सामना नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून दोन जादा डावांनंतर ४२-३९ असा गमावला. राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद झाले. पुढच्या वर्षी त्यांनी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी लीगही सोडली.

खरा कस लागला तो ९ मार्च १९७४ रोजी. ग्रीन्सबरोच्या अंतिम सामन्यात डेव्हिड थॉम्पसन आणि ३८ गुण करणारे टॉम बर्लसन यांच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. मेरीलँडकडे टॉम मॅकमिलन, लेन एल्मोर, जॉन लुकास असे खेळाडू होते आणि देशातील पहिल्या पाच संघांत त्यांची गणना होती. तरी ते राष्ट्रीय स्पर्धेबाहेर. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने पुढे सलग सात वेळच्या विजेत्या यूसीएलएला उपान्त्य फेरीत नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. म्हणजे राष्ट्रीय विजेत्यापेक्षा एका जादा डावाने कमी असलेला संघ टीव्हीवर सामने पाहत बसला होता. १९७५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघांना वाट मिळाली. या बदलामागे इतरही कारणे होती, पण १९७४ च्या रात्रीचे उदाहरण आजही सर्वात आधी दिले जाते.

खेळाच्या नियमांवर परिणाम झाला का?

झाला, आणि तो कंटाळ्यामुळे झाला. १९६८ च्या उपान्त्य सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ड्यूकला १२-१० असे हरवले. हा पूर्ण सामन्याचा गुणफलक आहे, छपाईची चूक नव्हे. मध्यंतराला तो ४-२ होता. चेंडू हातात ठेवून वेळ काढण्यावर कोणतेही बंधन नव्हते. १९८२ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्प्सन यांना बास्केटजवळून बाहेर खेचण्यासाठी बराच वेळ चेंडू फिरवत ठेवला आणि ४७-४५ असा विजय मिळवला. एका बाजूला जेम्स वर्दी आणि कोवळे मायकेल जॉर्डन, दुसऱ्या बाजूला सॅम्प्सन, आणि राष्ट्रीय वाहिनीवर प्रेक्षक पाहत होते नुसते पासिंग. पुढच्याच हंगामात एसीसीने ‘शॉट क्लॉक’ आणि तीन गुणांच्या रेषेचा प्रयोग केला. १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचे घड्याळ देशभर लागू झाले.

मग आता अडचण कुठे आहे?

लीगच्या आकारात. आठ संघ असताना प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळायचे म्हटले तर १४ सामने पुरत. १९७० चा साऊथ कॅरोलायना म्हणूनच निर्विवाद पहिला होता. एसीसी वाढत गेली : १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेट, २००४ मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक, पुढच्या वर्षी बोस्टन कॉलेज, २०१३ मध्ये सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम. २०१४ मध्ये संस्थापक मेरीलँड निघून गेले, लुईव्हिल आले. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया आणि एसएमयू. नाव अटलांटिक किनाऱ्याचे, पण आता दोन संघ पॅसिफिक किनाऱ्यावर, शार्लटपासून सुमारे ३,७०० किलोमीटरवर!

१८ संघांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे तर प्रत्येकाला ३४ सामने लागतील. २०२४-२५ मध्ये ते २० होते, पुढच्या हंगामापासून १८ केले गेले. म्हणजे बहुतेक प्रतिस्पर्ध्यांशी एकदाच गाठ पडते. कोणाच्या वाट्याला ड्यूक दोनदा येतो, कोणाच्या एकदाच. पूर्वी गुणतक्ता न्याय्य आणि स्पर्धा जुगार मानली जाई. आता तक्ताच वेळापत्रकाच्या नशिबावर हलतो आणि त्याच्याच आधारे तीन संघ वगळले जातात.

त्यात पैशाचाही भाग आहे. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेला एक सामना कॉन्फरन्सला सहा वर्षांत मिळून सुमारे २० लाख डॉलर मिळवून देतो. २०२५ मध्ये एसईसी या कॉन्फरन्सचे विक्रमी १४ संघ राष्ट्रीय स्पर्धेत होते, एसीसीचे फक्त चार. याच मार्चमध्ये फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांच्याशी झालेल्या तडजोडीनुसार टीव्ही उत्पन्नाचा मोठा भाग प्रेक्षकसंख्येप्रमाणे वाटायचे ठरले. तळाच्या संघांना पाचव्या दिवसाचे स्वप्न दाखवण्यापेक्षा वरच्यांना धोका कमी ठेवणे, हे धोरण त्याच हिशेबात बसते.

२०२४ मध्ये काय घडले असते?

दहाव्या मानांकित नॉर्थ कॅरोलायना स्टेटने साखळीतले शेवटचे चारही सामने गमावले होते. प्रत्येक सामना नाणेफेकीइतका समसमान धरला तरी पाच सलग विजयांची शक्यता ३२ मध्ये एक. उपान्त्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना मायकेल ओकॉनेल यांचा अखेरच्या क्षणाचा फटका फळ्यावर आपटून आत गेला आणि सामना जादा वेळेत गेला. अंतिम फेरीत त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ असे हरवले. हे त्यांचे १९८७ नंतरचे पहिले विजेतेपद. पुढे हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारमध्येही पोहोचला.

२०२५ मध्ये ड्यूकने लुईव्हिलला ७३-६२ असे हरवून २३ वे विजेतेपद मिळवले. नॉर्थ कॅरोलायना स्टेटने लीगमधील २० पैकी पाच सामने जिंकले होते. आदल्या वर्षी विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक केविन कीट्स यांना हंगाम संपताच पदावरून दूर करण्यात आले.