अंगावर काढायचं दुखणं

आमच्या घरात या दुखण्याला नाव नव्हतं. आई आणि मावशी माजघरात हळू आवाजात म्हणायच्या, ‘अंगावरून जातंय गं.’ आम्ही मुली आत शिरलो की विषय लोणच्यावर यायचा. दुसऱ्या दिवसापासून तांदळाचं धुवण सुरू. डॉक्टर? छे! एवढ्यासाठी का कोणी डॉक्टरकडे जातं!

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. शहरातल्या आपण शिकलेल्या बायकांनी याला खेड्यातली गोष्ट म्हणू नये. आमचं माजघर शहरातच होतं.

थोडा पांढरा स्राव हा आजार नव्हेच. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात तो वाढतोही. योनिमार्गातले उपकारक जंतू तिथली आम्लता राखतात. ती ढळली की दुसरे जंतू माजतात, पातळ करडा स्राव होतो, त्याला मासळीसारखा वास येतो. वास जावा म्हणून आतून साबण किंवा जंतुनाशक वापरलं तर उपकारक जंतूच मरतात. दह्याच्या कवडीसारखा स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल, तर बहुधा बुरशी. मधुमेहात किंवा अँटिबायोटिकच्या गोळ्यांनंतर ती बळावते. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनासचा. पण लक्षणं एकमेकांत मिसळतात. म्हणून न तपासता दिलेली चिठ्ठी घेऊन परत येऊ नये.

ट्रायकोमोनास शरीरसंबंधातून येतो. नवऱ्याला कसलाच त्रास नसेल, तरी औषध त्यालाही लागतं. नाहीतर बायको बरी होते आणि पुन्हा आजारी पडते. ‘यांना कसं सांगायचं?’ इथेच अर्धे उपचार अडतात. माझ्या मते खरा रोग तो.

पाळी गेल्यावर सहा वर्षांनी आईला तांबूस स्राव होऊ लागला. तिनं धुवणच घेतलं. आम्हाला कळलं तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर पुढे गेलेला होता.

परवा जेवताना माझ्या लेकीनं वडिलांसमोर सरळ सांगितलं, ‘मला खाज सुटतेय, पांढरं जातंय, डॉक्टरकडे जायचंय.’ यांनी ताटातून मान वर केली नाही. पण संध्याकाळी स्कूटर त्यांनीच काढली.