शेऱ्याचा रकाना

१ मेला झेंडावंदन झालं की आम्ही प्रगतिपत्रकं वाटतो. यंदा चौथीतल्या एका मुलाच्या अम्मीने गणिताच्या श्रेणीवर बोट ठेवून विचारलं, "टीचर, ये ब-२ म्हणजे कितने टक्के?" म्हटलं, ६१ ते ७०. त्यांनी शेजारणीच्या मुलीचं पाहिलं. तिला अ-२. पोराला एक टपली बसली आणि प्रगतिपत्रक पिशवीत गेलं. नोंदींचं पान त्यांनी उघडलंच नाही.

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. त्या पानावर मी 'गणितात अधिक सराव आवश्यक' असं लिहिलं होतं. वर्गातल्या आणखी दहा-बारा मुलांनाही तेच.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशा वर्षभराच्या कामाला पहिली-दुसरीत ७० टक्के भार आणि शेवटी वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पण तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरतात आणि दमलेला शिक्षक त्यातूनच उतरवतो. मीही उतरवते.

इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही. आकड्यापुढे शब्द वाचतो कोण?

आपल्याला हे नवीन वाटायला नको. मक्तबमध्ये हाफिजसाहेब एकेकाचा सबक ऐकतात. कुठला हर्फ चुकला, कुठे मद राहिली, ते तिथेच सांगतात. सबक कच्चा असेल तर उद्या पुन्हा तोच. नूरानी कायद्यात ६८ टक्के मिळाले, असं कुणी घरी सांगत नाही.

त्या मुलाला मी थांबवलं आणि फळ्यावर ५०२ वजा १७८ मांडायला लावलं. उत्तर आलं ४७६. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठातून दोन वजा केले. शून्य आणि सातचंही तसंच. म्हणजे त्याला वजाबाकी येते, पण वरचा अंक लहान असला की तो उलटी करतो. अशा मुलाला 'अधिक सराव' दिला तर चूकच पक्की होणार! आणि पुढच्या वर्षी पाचवी. २०२३-२४ पासून तिथे वार्षिक परीक्षा आहे. पुनर्परीक्षेतही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं.

मी माझी नोंद खोडली. लिहिलं: 'वरचा अंक लहान असेल तेव्हा उलटी वजाबाकी करतो. शंभराच्या नोटा सुट्या करून, दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन रोज दोन उदाहरणं करून घ्या.' आणि अम्मींना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "इतनाच था? ये तो मैं घर में करा लेती." मग पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, मघाशी टपली मारली होती तिथेच.