बोट निवडा दुपारच्या समुद्रासाठी

दिवाळीच्या सुट्टीत गळ घेऊन खोल समुद्रात जाणाऱ्यांना तातडीचं आवाहन

मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावहून गळ-रॉड घेऊन कोकणात उतरणाऱ्या हौशी मंडळींना, त्यांना समुद्रात नेणाऱ्या बोटमालकांना आणि यंदा स्वतःची बोट घ्यायच्या विचारात असलेल्यांना ही कळकळीची विनंती आहे. सुट्टीची बुकिंगं सुरू झाली आहेत. मोबाइलवर सुरमईचे फोटो येतात, दर ठरतो, आगाऊ रक्कम जाते. बोट मात्र पहिल्यांदा दिसते ती पहाटे, अंधारात, जेटीवर. सगळं सामान खांद्यावर असताना तिथून मागे फिरायचं धाडस कोणी करत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच हे वाचा.

पावसाळा सरल्यावर कोकणचा समुद्र सकाळी फसवतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहत असतो, किनाऱ्यालगत पाणी निवांत असतं. दहा-बारा मैल आत जाईपर्यंत कुठलीही होडी उत्तमच वाटते. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि बघता बघता आखूड, उभ्या लाटा उठतात. आपण परतीला लागतो ते नेमके तेव्हाच. माणसं दमलेली असतात, इंधन उतरलेलं असतं, बर्फाच्या पेट्या जड झालेल्या असतात आणि लाटा मागून येत असतात. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली असेल तर बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट वाळूच्या दांड्यावर एकमेकांना भिडतात. बोटीची खरी परीक्षा तिथे होते. म्हणून बोट जोखायची ती दुपारच्या समुद्रासाठी.

सगळ्यात आधी तिच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. इंजिन बसवण्यासाठी मागची फळी खोलवर कापलेली आहे का? कापलेली असेल तर तिच्या आत पाणी अडवणारी दुसरी भिंत आहे का? नसेल, तर मागून आलेली एकच लाट थेट बोटीत उतरेल. परतीच्या वाटेवर वेग कमी केला, इंजिन बंद पडलं किंवा सगळे मागे जमले, की हाच कापलेला भाग पाण्याच्या सर्वांत जवळ येतो.

मग पायाखालची जमीन बघा. बोटीवर पाणी येणारच. ते किती लवकर बाहेर जातं ते महत्त्वाचं. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर लांब जागेत नुसतं वीतभराच्या निम्मं, म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी साठलं, तरी ते सहाशे किलो भरतं. आणि हे वजन एका जागी राहत नाही. बोट ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला धावून तिला आणखी झुकवतं. चांगल्या बोटीचा डेक पाण्याच्या पातळीच्या वर असतो आणि आलेलं पाणी भोकांवाटे आपोआप निघून जातं. तपासणी सोपी आहे. बोट बांधलेली असतानाच जितके जण जाणार आहात तितके मागच्या बाजूला उभे राहा आणि डेकवर दोन बादल्या पाणी ओता. पाणी बाहेर गेलं तर ठीक. त्याच भोकांतून समुद्र आत येऊ लागला, तर त्या बोटीचं बुकिंग करू नका.

तळाचा आकार हा तिसरा मुद्दा. १९६० च्या मायामी–नासाऊ शर्यतीत रे हंट यांनी आखलेल्या ‘मॉपी’ने खवळलेल्या समुद्रात बाजी मारली आणि खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाचं नाव जगभर झालं. पुढच्या टोकाशी बहुतेक बोटी धारदारच असतात. फरक मागे कळतो. तिथेही वीस अंशांच्या आसपास उतार टिकून असेल तर बोट लाट कापत जाते; तळ सपाट होत गेला असेल तर प्रत्येक लाटेवर आपटते. खोल तळ इंधन जास्त पितो आणि थांबल्यावर जास्त डुलतो, हेही खरं. किनाऱ्यालगत गरवायचं असेल तर वाळूवर ओढता येणारी सपाट फायबर होडी पुरते. तीच होडी मोठं इंजिन लावून खोल समुद्रात नेणं हा मात्र जिवाशी खेळ आहे. जादा अश्वशक्तीने होडीचा वेग वाढतो, लाट सोसायची ताकद वाढत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाजवळची एक दुर्घटना प्रत्येक हौशी मासेमाराला ठाऊक असायला हवी. २८ फेब्रुवारी २००९ रोजी चार धडधाकट मित्र, त्यांतले दोघे व्यावसायिक फुटबॉलपटू, २१ फुटी बोटीने मेक्सिकोच्या आखातात दूरवर मासेमारीला गेले. परत निघताना नांगर अडकला. त्याचा दोर बोटीच्या मागच्या बाजूला बांधून त्यांनी इंजिनाच्या जोरावर तो उपटायचा प्रयत्न केला. मागची बाजू खाली खेचली गेली, पाणी आत आलं आणि बोट उलटली. तिघे गेले. चौथा उलट्या बोटीला धरून राहिला आणि २ मार्चला तटरक्षकांना जिवंत सापडला. यातून दोन गोष्टी घ्या. नांगर नेहमी पुढूनच टाकायचा आणि पुढूनच काढायचा. अडकला तर दोर कापायचा. आणि बोट अशी हवी की पाणी भरलं तरी तळाशी जाणार नाही. त्यासाठी सांगाड्यात फोम भरलेला असतो. मालकाला तो कुठे आहे हे थेट विचारा आणि बोट उलटली तरी तिला सोडून पोहत किनारा गाठायला निघू नका.

अपघात व्हायला फार आत जावं लागतं असंही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला.

निघायच्या आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे, हवामान खातं आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. त्यात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही येते. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही वाचा. दीड मीटरची लाट बारा सेकंदांनी आली तर बोट तिच्यावर चढते-उतरते; तीच पाच सेकंदांनी आली तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर यायच्या आत पुढची लाट आदळते. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने आहेत. २००९ चं ‘फयान’ नोव्हेंबरातलं, २०१९ चं ‘क्यार’ ऑक्टोबरातलं. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा लागला असेल, तर तांडेलाशी हुज्जत नको आणि “थोडं आत जाऊन येऊ” हेही नको.

बुकिंग करणाऱ्यांनी एवढ्या गोष्टी मागून घ्याव्यात:

१. प्रवासी नेण्याचा परवाना आणि चालू सर्वेक्षण प्रमाणपत्र. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे.

२. प्रत्येकाला मापाचं जीवरक्षक जॅकेट, आणि ते बाकाखाली नव्हे, अंगात.

३. दोन इंजिनं, किंवा एक मोठं आणि घरी आणू शकेल असं दुसरं लहान. दोन्हींचं इंधन आणि बॅटरी वेगळी.

४. इंधनाचे तीन वाटे. एक जायला, एक यायला, एक राखीव.

५. सोळाव्या चॅनेलवर चालणारा व्हीएचएफ रेडिओ आणि उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारं यंत्र. खोल समुद्रात मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

बोटमालकांनो, तुमचं पोट या धंद्यावर आहे, हे आम्ही जाणतो. पण कागदावरची माणसांची संख्या बोट स्थिर धरून काढलेली असते. मासा लागला की सगळे एकाच बाजूला धावतात. म्हणून उसळत्या समुद्रात दोन माणसं कमीच घ्या आणि तसा दर लावा. गिऱ्हाइकांनीही तो कुरकुर न करता द्यावा. स्वस्त बोट शोधणारं गिऱ्हाईकच मालकाला जादा माणसं भरायला लावतं.

बोट विकत घेणाऱ्यांनी चाचणी सकाळी सातला घेऊ नये. दुपारी तीनला, वारा सुटल्यावर, नेहमीइतकी माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन बाहेर पडा. लाटेकडे तोंड करून चालवा, लाट पाठीवर घेऊन चालवा, मग इंजिन बंद करून आडवी सोडा. विकणारा दुपारी यायला तयार नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

घरच्यांना कुठून निघालो, कोणत्या बोटीने, किती जण आणि कधीपर्यंत परतणार, हे लिहून द्या. ठरल्या वेळी परतला नाहीत तर वाट बघत न बसता त्यांनी तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करायचा. हे दोन्ही क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवा. ज्या बोटीचं बुकिंग झालं आहे तिच्या मालकालाही आजच फोन करून वरच्या पाच गोष्टी विचारा. एकाही प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर आगाऊ रक्कम गेली तरी चालेल, ते बुकिंग रद्द करा.