थ्री नॉट थ्री : किंमत आणि मोल

वस्तूची किंमत बाजार ठरवतो. तिचे मोल मात्र आपले आपल्यालाच ओळखावे लागते. हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले असेल, पण त्याचे उदाहरण म्हणून एखादी रायफल समोर येईल असे कधी वाटले नव्हते.

झाले असे, की अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने फोनवर विचारले, "मामा, इथे शेजाऱ्यांकडे एक जुनी लष्करी रायफल आहे. तिच्यावर 'ईशापूर' असे कोरले आहे. हे आपल्याकडचेच ना? हिची किंमत काय येईल?" तिकडे सैन्याने मोडीत काढलेली शस्त्रे सामान्य माणूस दुकानातून विकत घेऊ शकतो. आपल्याकडे .३०३ ही खाजगी परवानाधारकाला वर्ज्य. म्हणून तर आपल्या सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३१५ ची वेगळी रायफल काढली. तेव्हा किंमतीचा प्रश्न तिकडचा, पण ईशापूर आपले. कोलकात्याजवळच्या या कारखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून रायफली तयार होत आल्या.

माझ्या पिढीला ही रायफल अपरिचित नाही. एन.सी.सी.च्या कवायतीत जिने आमचे खांदे दुखवले तीच ही 'थ्री नॉट थ्री'. वजन जवळजवळ चार किलो. दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलायचा. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. तिचा सर्वात गाजलेला नमुना, मार्क तीन, १९०७ सालचा.

अशी रायफल ओळखायची म्हणजे तिच्या अंगावरचे लेखन वाचायचे. शिलालेख वाचण्यासारखेच हे काम आहे. लाकडी दस्ता जिथे लोखंडाला मिळतो, तिथे उजव्या बाजूला मुख्य मजकूर असतो : वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, साल आणि नमुना. इंग्लंडातल्या रायफलीवर 'जी.आर.', तर ईशापूरच्या रायफलीवर 'जी.आर.आय.'. शेवटचा 'आय' म्हणजे सम्राट. इंग्लंडचा राजा हिंदुस्थानात येताच सम्राट होत असे, हे एका अक्षरात दिसते! स्वातंत्र्यानंतरच्या रायफलीवर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. राज्यघटनेच्या पुस्तकात शिकवतो ती क्रांती इथे पोलादावर ठोकलेली आहे.

खोटेपणाही याच मजकुरात पकडला जातो. सरहद्द प्रांतात, दर्रा आदमखेलसारख्या ठिकाणी, हाताने हुबेहूब नकला करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांचे हात कुशल, पण इंग्रजी कच्चे. कुठे 'एन' अक्षर उलटे पडते, तर कुठे व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली तिच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे १९०१ नंतरचे साल येते. इतिहासाच्या पेपरात असे लिहिले असते तर शून्य गुण मिळाले असते.

आता किंमत. संग्राहक पहिल्यांदा पाहतो ते क्रमांक. मुख्य सांगाडा, नळी, बोल्ट आणि पुढची लोखंडी टोपी यांवरचे क्रमांक जुळले तर किंमत वर जाते. मूळ लाकूड शाबूत हवे. अनेकांनी शिकारीसाठी पुढचे लाकूड कापून रायफल 'सुटसुटीत' केली. अशा रायफलीला संग्राहक फारसे विचारत नाहीत. घासून, पॉलिश मारून चकचकीत करणेही तसेच घातक. नळीचा आतला भाग गंजलेला नसावा. आणि 'डी.पी.' अशी अक्षरे असतील तर ती केवळ कवायतीची रायफल. तिच्यात गोळी घालणे म्हणजे जिवाशी खेळ. कोणतीही जुनी रायफल जाणकार बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय उडवू नये, हे मी भाच्याला दोनदा बजावले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने हाच नमुना ७.६२ मि.मी. गोळीसाठी बनवला. तिकडे पुष्कळ लोक तिला जुनी .३०३ बदलून केलेली समजतात. प्रत्यक्षात ती अधिक चांगल्या पोलादाची, नव्याने घडवलेली रायफल आहे. तिचे मॅगझिनही चौकोनी, चटकन ओळखू येणारे. आपल्या कामगारांच्या कामाला 'जुगाड' समजून कमी भाव मिळावा, याचे मला वाईट वाटते.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. ईशापूरने स्वातंत्र्यापूर्वी पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .४१० ची 'मस्केट' काढली होती. दिसायला अगदी थ्री नॉट थ्री. पण नळी रुंद आणि गुळगुळीत, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा, एका वेळी एकच गोळी. संग्राहकांच्या बाजारात ती बिनमहत्त्वाची. मला मात्र ती सर्वात मोलाची वाटते. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती मुद्दाम गुळगुळीत नळीची बंदूक दिली गेली. पुढेही गोऱ्या सैनिकाला नवे शस्त्र मिळाले, की त्याचे जुने हिंदी सैनिकाकडे येई. पगार आमचा घे, पहारा आमचा दे, पण बरोबरीचे शस्त्र मागू नकोस! या अविश्वासाचा इतका सज्जड पुरावा कोणत्या कागदात सापडणार? आणि त्याच राज्यकर्त्यांना १९१४ साली फ्रान्सच्या खंदकांसाठी माणसे कमी पडली, तेव्हा मार्सेलिसला उतरलेल्या हिंदी पलटणींच्या हाती तिथेच नव्या रायफली ठेवण्यात आल्या. गरज पडली की विश्वास आपोआप बसतो.

आपल्याकडे मात्र थ्री नॉट थ्री हा आता थट्टेचा शब्द झाला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती आणि समोर एके-४७. ते चित्र विसरता येत नाही. पण दोष रायफलीचा नव्हे. शंभर वर्षांपूर्वीचा नमुना एकविसाव्या शतकातल्या शिपायाच्या खांद्यावर तसाच राहू देणाऱ्यांचा तो दोष. शिपायाला कोणते शस्त्र द्यायचे यावरून राज्यकर्ते त्याच्या जिवाचे मोल काय करतात ते कळते, मग राज्य परक्यांचे असो की आपले.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला समारंभाने निरोप दिला. निरोप द्यायलाच हवा होता. पण निरोपानंतर काय? सेवेतून उतरलेले शस्त्र भट्टीत घालणे हा सोपा मार्ग. चुकीच्या हाती पडण्यापेक्षा ते बरेच, हेही मान्य. तरी भट्टीपूर्वी प्रत्येक रायफलीवरचे साल, कारखाना आणि शिक्के एका वहीत उतरवून घ्यायला किती वेळ लागतो? आणि कायमच्या निकामी केलेल्या दोनचार रायफली, एक मस्केट धरून, प्रत्येक जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवायला काय हरकत आहे? साताऱ्या-कोल्हापूरच्या गावागावांतून माणसे पहिल्या महायुद्धावर गेली. त्यांच्या पणतवंडांना पदके पाहायला मिळतात, पण पणजोबांनी खांद्यावर वाहिलेले ओझे दिसत नाही.

अमेरिकेतला संग्राहक एका आद्याक्षरासाठी भिंग घेऊन बसतो. त्याला व्यवहार कळतो, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. उलट त्याची ती बारीक नजर आपण घ्यावी. किंमत त्याने करावी, पण 'जी.आर.आय.' जाऊन सिंह कसे आले, ते वाचणे आपलेच काम आहे. ते दुसऱ्या कुणी आपल्यासाठी करणार नाही.