सुट्टी नक्की कोणाला लागते?

गेले बरेच दिवस एक गोष्ट मनात टोचते आहे. आमची नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, किंबहुना म्हणूनच लिहिते आहे. कोणाला राग आला तर यावा.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. बुधवार. मुलांच्या परीक्षा संपलेल्या, आणि जळगावचं ऊन म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. बँकेला आखाजीची सुट्टी नसते, म्हणून माझ्या सुनेने रजा टाकली होती. रजा टाकून ती पहाटेपासून पुरण, आमरस, घागरीचा नैवेद्य यांत गुंतलेली. दुपारी पंगत उठली, पुरुष मंडळी कूलरसमोर आडवी झाली आणि आम्ही बायका आतल्या खोलीत टेकलो. आठ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू दर पाच मिनिटांनी येऊन आईला विचारत होते, "आता काय करू?" सून सहज बोलून गेली, "अजून दीड महिना आहे सुट्टीचा. कसा काढायचा याचं मला आत्ताच टेन्शन आलंय."

यावर आमच्या वन्सं म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी चार-चार पोरं होती घरात. ना कूलर, ना मिक्सर. आम्ही कधी टेन्शन म्हटलं का? तुमची दोन, अन् ती जड होतात तुम्हाला!"

आणि मी काय केलं? मान डोलावली. वर म्हणाले, "खरंय."

सून काही बोलली नाही. उठून चहा ठेवायला गेली.

ते 'खरंय' मी आज परत घेते. कारण ते खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आता 'आमच्या वेळी' म्हणजे काय, ते एकदा नीट सांगते. मी ३२ वर्षं शाळेत शिकवलं. मला तीन मुलं. लोक म्हणायचे, "बाईंचं बरं आहे, उन्हाळ्यात मुलांबरोबर यांनाही सुट्टी." पण त्या सुट्टीत, आणि एरवीही, माझी तीन मुलं कोणी सांभाळली? आमच्या आत्याबाईंनी. माझ्या सासऱ्यांची बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाच्या घरी आलेली, ती शेवटपर्यंत आमच्याच घरी. मी पेपर तपासत असे तेव्हा मुलांना न्हाऊ घालणारी ती. भर दुपारी त्यांना माजघरात डांबून गोष्टी सांगणारी ती. रात्री गच्चीवर अंथरुणं टाकून त्यांना थोपटणारीही तीच. मी 'नोकरी करून तीन मुलं वाढवली' असं अभिमानाने सांगत आले. वाढवली आत्याबाईंनी. मी पगार आणला.

त्यांच्या अखेरच्या दिवसांत एकदा मी त्यांना म्हटलं, "आत्या, आता निवांत पडा. सुट्टी घ्या." त्या हसल्या अन् म्हणाल्या, "मले कव्हा व्हती सुटी, माय?"

मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. आता नेता येत नाही.

वन्सं, तुमच्याही घरी सासूबाई होत्या, धाकटी जाऊ होती, समोरच्या ओट्यावर चार बायका होत्या. उन्हाळा म्हणजे कुरडया, पापड, शेवया, ज्वारीच्या बिबड्या. सगळ्या गल्लीतल्या बायका एका गच्चीवर. पोरं चीक खायला जमायची, कावळे हाकलायला बसायची, कोणाचं पोर कोणाच्या घरी जेवलं याचा पत्ता नसे. मुलं सांभाळायला एक आई नव्हती, एक गल्ली होती. आणि त्या गल्लीतही सगळ्यांत जास्त भार कोणावर? घरातल्या थोरल्या मुलीवर. माझ्या वर्गात दहा-अकरा वर्षांच्या मुली धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायच्या. आई मजुरीला गेलेली. काही मुली मग यायच्याच बंद झाल्या. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे मी स्वतः गैरहजेरी मांडली आहे.

तेव्हा 'आमच्या वेळी' काही जादू नव्हती. एक विधवा आत्या, एक धाकटी जाऊ आणि एक शाळा सुटलेली मुलगी यांच्या फुकट कामावर आमचे उन्हाळे गेले. ती आत्या आता नाही, आणि नाही हे चांगलंच आहे. कोणाच्याही वाट्याला तसा जन्म यायला नको. थोरली मुलगी शाळेत जाते, हेही चांगलंच. पण त्या गेल्या तसं त्यांचं काम कुठे गेलं? ते सगळंच्या सगळं एका बाईच्या डोक्यावर आलं, आणि तिला आपण विचारतो आहोत की तुला दोन पोरं जड का होतात!

"पण तुम्ही असता ना घरी," असं मला लोक म्हणतात. हो, मी असते. गुडघे धरून असते. मी मुलांवर लक्ष ठेवते, सांभाळते ती. हा फरक मला कळावा म्हणून मी त्याच मे महिन्यात एक दिवस मोजदाद केली. सकाळी १० ला ती बँकेत गेली. दुपारी २ पर्यंत घरून तिला नऊ फोन गेले. 'ताई मला रिमोट देत नाही.' 'कैरीचं पन्हं कुठंय?' 'मी शेजारी खेळायला जाऊ?' 'पोट दुखतंय.' त्यांतला एक फोन माझाच होता; डब्यातल्या भाजीत मीठ घातलंय का, हे विचारायला. माझा मुलगा एमआयडीसीत नोकरीला आहे. त्याचाही मोबाईल दिवसभर चालूच असतो. त्याला किती फोन गेले? एकही नाही. मुलांना कोणी शिकवलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरालाही बरोबर कळतं की घरात विचारायचं कोणाला.

तो वाईट मुलगा नाही. संध्याकाळी मुलांना बागेत नेतो, कुल्फी देतो. सगळे म्हणतात, "किती मदत करतो हो!" मदत! स्वतःच्या पोरांना कुल्फी देणं ही मदत, आणि बाकीचं सगळं तिचं कर्तव्य. ही भाषा त्याला शिकवली कोणी? मीच की.

हे माझ्याच घरचं रडगाणं आहे असं कोणी समजू नये. केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांचा दिवसाचा वेळ कुठे जातो याचं सर्वेक्षण केलं. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. आणि गंमत पाहा, ही ८८ मिनिटं मुळात कामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे. जे कपसुद्धा उचलत नाहीत ते या हिशोबात धरलेलेच नाहीत!

सरकारचं तरी काय? २०१८ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. चांगलं केलं. ती कोणाला? महिला कर्मचाऱ्यांना. पुरुषाला केव्हा? त्याची बायको हयात नसेल, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे बापाने मूल सांभाळायचं, तर आधी आईने मरायला हवं किंवा खाटेला खिळायला हवं. ती चालती-फिरती आहे तोवर मूल तिचं! आपल्या घरात जे न बोलता चालतं ते तिथे सरकारी भाषेत लिहिलं गेलं, इतकंच.

२०१७ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं असं ठरलं. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं. पण आठ-दहा माणसांचं ऑफिस, दुकान, दवाखाना यांत काम करणाऱ्या बाईचं काय? आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई मे महिन्यात दोन्ही पोरं बरोबर घेऊन येते. ती ओट्यावर बसतात, सावली सरकेल तशी सरकतात. तिला कुठलं पाळणाघर? २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेमुळे जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागलं होतं, कामगारांना भर उन्हात राबवू नये असे आदेश निघाले होते. योग्यच होते. पण दुपारी १२ वाजता गॅससमोर पोळ्या लाटणारीला उन्हाळा लागतो, हे कुठल्याच आदेशात कधी येत नाही.

आता आमच्या शाळेवाल्यांबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल. मी दर वर्षी सुट्टीचा अभ्यास द्यायची. रोज एक पान शुद्धलेखन, पाढे, पाच गणितं. जूनमध्ये वह्या यायच्या आणि निम्म्या वह्यांत अक्षराचं वळण आईचं असायचं. मला ओळखू यायचं. तरी मी 'छान' असा शेरा मारत असे. एका वर्षी एका मुलाची वही कोरी आली. मी त्याच्या आईला बोलावून वर्गासमोर म्हटलं, "सुट्टीत एवढंही लक्ष देता येत नाही का?" ती शेतमजुरीला जाणारी. हळू आवाजात म्हणाली, "बाई, मले लिवता येत नाही." त्या मुलाच्या बापाला मी का नाही बोलावलं? माझ्या डोक्यातच आलं नाही. आजही शाळा 'प्रोजेक्ट' देतात. थर्माकोलची घरं, चार्ट, टाकाऊतून टिकाऊ. रात्री ११ वाजता ते कोण चिकटवत बसतं, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. शिक्षक मंडळींनो, बंद करा हे. सुट्टी द्यायची तर पुरी द्या.

एवढं झालं की कोणीतरी 'श्यामची आई' काढतंच. "आई कशी असावी तर तशी!" त्या पुस्तकाचा आदर मलाही आहे, मी ते वर्गात कितीदा वाचून दाखवलं असेल. पण ते हातात घेऊन आजच्या आयांना झोडपणाऱ्यांना मी विचारते, ते लिहिणारा कोण होता? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याआधी, १९२४ ते १९३०, ते आपल्याच जिल्ह्यात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. आईची थोरवी त्यांनी नुसती सांगितली नाही, आईचं काम स्वतः केलं. खानदेशातल्या पुरुषांना कित्ता गिरवायचाच असेल तर तो इथे आहे, अमळनेरला. आपण मात्र आई बायकांसाठी ठेवली आणि आपल्यासाठी डोळ्यांतलं पाणी.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. मे महिन्याची रजा आई-बापांनी निम्मी-निम्मी टाकावी, आणि 'मला रजा मिळत नाही' म्हणणाऱ्या बापाने ती एकदा मागून तरी पाहावी. घरून जाणारे फोन एक दिवस आईला, एक दिवस बाबांना. गल्लीतल्या शाळेची एखादी खोली आणि पुस्तकांचं कपाट सुट्टीत सकाळी दोन तास उघडं ठेवावं; आमच्यासारखी निवृत्त मंडळी जळगावात काही कमी नाहीत, आळीपाळीने बसू. माझं नाव पहिलं लिहा. आणि नातेवाईकांनी सल्ले बंद करावेत. 'छंदवर्गाला घाल', 'मोबाईल देऊ नको', 'संस्कार कर' हे सगळं तिला सांगायचं, आणि सांगून आपण कूलरसमोर आडवं व्हायचं, हे आता पुरे.

आखाजी हा खानदेशातल्या सासुरवाशिणीचा सण. वर्षातली हक्काची सुट्टी म्हणा ना. माहेरी यायचं, निंबाला झोका बांधायचा, गाणी म्हणायची. बहिणाबाईंनीही आखाजीवर कविता केली, ती काही उगीच नाही. आणि त्याच दिवशी माझ्या घरात एक बाई नोकरीवरची रजा खर्चून पहाटेपासून राबली, वर तिला ऐकवलं गेलं की तुला जड का होतं.

सूनबाई, तू हे वाचशील. त्या दिवशी मी 'खरंय' म्हणाले ते चूक होतं. तोंडावर सांगायला हवं होतं, पण ते चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांतच परत घेते.

आणि वन्सं, रागावू नका. पुढच्या आखाजीला नक्की या. सांजोऱ्या तळायला तुमचा मुलगा आणि माझा मुलगा बसतील. जमतील, न जमतील. पीठ मी मळून देईन, आपण दोघी झोक्यावर बसून बघू.