परदेशात एकटे ज्येष्ठ: ‘आज त्या दिसल्या नाहीत’ हे कोण सांगणार?

थायलंडमध्ये परदेशी पाहुणा राहायला आला की घरमालकाने २४ तासांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं. त्या फॉर्मचं नाव टीएम-३०. मुक्काम लांबला तर दर ९० दिवसांनी पाहुण्याने स्वतः पत्ता कळवायचा. मे २०२५ पासून तर तिथे पोहोचण्याआधीच ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. माणूस आला, हे सरकारला लगेच कळतं. तोच माणूस एखाद्या सकाळी खोलीतून खाली उतरला नाही, तर ते कळवणारा फॉर्म मात्र कुठेच नाही.

महिना-दीड महिना एकट्याने परदेशात राहून यायचं, असं मनात असलेल्या ज्येष्ठांच्या घरी चर्चा होते ती भाड्याची, व्हिसाची आणि जेवणाची. तीही हवीच. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यात येतच नाही. उत्तर थायलंडमधल्या चियांग माई या शहराचं उदाहरण घेतलं, की तो नीट कळतो.

हेच शहर का?

राजा मंगराय याने १२९६ मध्ये वसवलेलं हे शहर. जुना भाग चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची. म्हणजे पायी फिरण्यासारखं. पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांना इथे निवृत्तीच्या कारणावर वर्षभर राहता येतं. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटचं उत्पन्न दाखवावं लागतं. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांना एवढा खटाटोप नाही. जुलै २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत मिळाली. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी ताजा नियम पाहावा.

आणि महिनाही पाहावा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातला पालापाचोळा आणि आसपासची जंगलं जळतात. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात धूर अडकून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ साठी दिवसाची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. मार्चमध्ये इथली हवा अनेक दिवस तिच्या कित्येक पट वाईट असते. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्या महिन्यांत जाऊच नये. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.

दिवस कसा जातो?

समजा, ठाण्यातल्या ६७ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका डिसेंबरमध्ये तिथे राहायला गेल्या. पहाटे गल्लीतून भिक्खू अनवाणी पिंडपाताला निघालेले दिसतील. खंदकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सुआन बुआक हाट नावाची बाग आहे, तिथे फेरी मारता येईल. एका माणसाचा स्वयंपाक करायची गरज नाही. रस्त्यावर एक प्लेट, एक वाटी असंच विकलं जातं. खाओ सोय, म्हणजे नारळाच्या दुधातल्या रश्शातल्या नूडल्स, साध्या दुकानात साधारण ५०-६० बाटला मिळतात.

शाकाहारी असतील तर एक शब्द पाठ करावा: ‘मांगसाविरात’. हा आपला ‘मांसविरती’च आहे, पाली-संस्कृतातून तिकडे गेलेला. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दिसलं तर आणखी चांगलं, त्यात कांदा-लसूणही नसतो. इतर ठिकाणी मात्र दिसायला शाकाहारी असलेल्या भाजीतही माशाचा सॉस असतो. तो ‘नाम प्ला’ नको, हे वेगळं सांगावं लागतं.

ओळख व्हायला तिथे वेळ लागत नाही. थाई माणूसही अनोळखी ज्येष्ठांना नात्यानेच हाक मारतो. आई-वडिलांच्या थोरल्या बहिणीला ‘पा’, थोरल्या भावाला ‘लुंग’, आईच्या आईला ‘याय’. आत्या आणि मावशी वेगळ्या ओळखणाऱ्या मराठी माणसाला हे दोन दिवसांत जमेल.

अडतं कुठे?

पदपथावर. तो मध्येच उंच होतो, मध्येच संपतो, मध्येच त्यावर मोटारसायकल उभी असते. साठीनंतर पडणं हा साधा अपघात राहत नाही. लाल रंगाच्या सोंगथेव गाड्या आपल्या शेअर रिक्षासारख्या. हात दाखवायचा, ठिकाण सांगायचं, चालकाने मान हलवली की बसायचं. शहरात साधारण ३० बाट लागतात. पण चढायचं मागच्या पायरीवरून, आणि गुडघे दुखत असतील तर ती पायरी उंच वाटते.

दुसरी अडचण खिशातली. विमानतळावर स्थानिक सिमकार्ड घेताना अनेकजण भारतीय सिम काढून पाकिटात ठेवतात आणि बँकेचा ओटीपी तिथेच हरवतो. दोन सिमचा फोन असावा, भारतीय सिमचा रिचार्ज आणि रोमिंग चालू असावं. मार्च २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळातच बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून घरीच सुरू करून घ्यावेत. औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं: अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन. ब्रँड तिथे ओळखीचा नसेल, हे नाव ओळखीचं असतं.

आणि आजारी पडल्या तर?

थायलंड स्वतःच म्हातारा होत चाललेला देश आहे. तिथला साधारण पाचवा हिस्सा साठीपुढचा. त्यांच्यासाठी देशभर सुमारे १० लाख आरोग्य स्वयंसेवक आहेत. शेजारपाजारचीच ही माणसं, घरोघरी जाऊन रक्तदाब पाहतात, विचारपूस करतात. कोण कधीपासून दिसलं नाही, हे अशा माणसांना आपसूक कळतं. भाड्याच्या खोलीतली परदेशी पाहुणी या जाळ्याच्या बाहेर असते. सरकारच्या नोंदीत ती आहे, कुणाच्याही फेरीत नाही.

म्हणून पर्यटनाचे व्हिडिओ देतात तो सल्ला ज्येष्ठांनी साफ धुडकावून लावावा. ‘रोज नवीन ठिकाणी खा’ हे तरुणांना ठीक आहे. एकट्या ज्येष्ठाने रोज त्याच गाडीवर, त्याच वेळी नाश्ता करावा. कंटाळवाणं वाटेल, पण पाचव्या दिवशी गाडीवाली बाई ‘पा’साठी वाटी काढून ठेवते आणि नवव्या दिवशी ‘पा’ आल्या नाहीत तर तिला चुकल्यासारखं होतं. शहरात आपली गैरहजेरी लक्षात येणारं एक तरी माणूस असणं, ही कुठल्याही विमा पॉलिसीत न मिळणारी सोय आहे. विमा घ्यावाच, जुने आजार न लपवता घ्यावा. पण विमा कंपनीला कुणीतरी फोन केल्यावरच ती हलते.

कम्प्युटरच्या जगात यावर जुना उपाय आहे. सर्व्हर ठरावीक वेळाने ‘मी चालू आहे’ असा छोटा संदेश पाठवत राहतो. त्याला हार्टबीट म्हणतात. संदेश आला नाही की धोक्याची घंटा वाजते. ज्येष्ठांच्या हातात हे तंत्रज्ञान केव्हाच आलेलं आहे: फुलांच्या फोटोवरचं ‘शुभ सकाळ’. मुलांनी मात्र नेमका तोच ग्रुप म्यूट करून ठेवलेला असतो. आईचा परदेशातला मुक्काम संपेपर्यंत तरी तो अनम्यूट करावा.

पण घंटा वाजल्यावर फोन कुणाला करायचा? बहुतेक घरांत मुलांकडे त्या शहरातला एकच नंबर असतो, तो आईचाच. निघण्याआधी घरमालकाचा आणि इमारतीच्या ऑफिसचा नंबर मुलांकडे असावा, खोलीचा पत्ता थाई लिपीतही असावा. थायलंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १६६९, पर्यटक पोलिसांसाठी ११५५. इंग्रजीतून बोलायचं तर दुसरा नंबर सोयीचा. पण हे नंबर थायलंडमधून लावायचे आहेत, ठाण्यातून नव्हे. म्हणूनच घरमालकाचा नंबर आधी हवा. चियांग माईत भारताचा वाणिज्य दूतावासही आहे, त्याचा नंबर सोबत लिहून ठेवावा.

थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. तिथे सकाळी १० वाजेपर्यंत फुलांचा फोटो आला नाही, तर इथे साडेआठ वाजलेले असतात. ऑफिसला निघण्याआधी घरमालकाला एक फोन लावायला तेवढा वेळ पुरतो.